एकोणचाळीस ठिपके

डिसेंबर. औलूत दुपारी दोनलाच दिवस विझतो.
तेल्लेर्वो कारप्पिनेन दारातून आत आली,
वय एकाहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त.
टोपीवरचा बर्फ झटकला, बूट काढले
आणि भिंतीशी लावून ठेवले,
शेजारी एका जोडीपुरती जागा सोडून.
कॅमेरे अजून चालू व्हायचे होते.

काळा घट्ट पोशाख घालताना ती लाजली नाही.
मी तिच्या अंगावर चेंडू चिकटवले, बोराएवढे,
घोट्यांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला,
मोजून एकोणचाळीस.
मग पडद्यावरची बाई नाहीशी झाली.
उरले ठिपके,
आणि ठिपके दिसले की जोडत सुटायची
आपली जुनी खोड.

यंत्राची शिकवणी एलमेरीकडे झाली होती.
नाटकातला पोरगा, तासाच्या बोलीवर आलेला.
जेवणाआधी बारा वेळा तो दुःखी झाला:
खांदे पाडून, पाय ओढत, मान टाकून,
भाषा सांगते तसा, शब्दाला शब्द.
मग राग, वळलेल्या मुठी.
मग आनंद, पाय जमिनीला टेकेनात.
मग माशाचं सूप, दोन वाट्या.
यंत्रानं सगळं घोकलं, सूप सोडून.

तेल्लेर्वो चालली. आठ पावलं, वळण, आठ पावलं.
पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं:
भावना नाही. खात्री एक्क्याण्णव टक्के.

ओस्मो म्हणाला, आता काहीतरी वाईट आठवा.
तिनं बरं म्हणून मान हलवली.
आठ पावलं, वळण, आठ पावलं.
भावना नाही. त्र्याण्णव.
आपल्याकडची माणसंच अशी, ओस्मो पुटपुटला,
याला इटलीला न्यायला हवं.
त्यावर ती हसली.
यंत्राला ते कळलं नाही; ओठांवर ठिपका नव्हता.

निघताना तिनं पाहिलं:
तिनं सोडलेल्या जागेत ओस्मोचे बूट,
एक आडवा, एक उताणा.
वाकून तिनं ते सरळ केले, टाचा भिंतीकडे,
लेस आत खोचल्या,
मग स्वतःचे घातले.
कॅमेरे तेव्हा बंद झाले होते.

रात्री मी ठिपके निवडत बसलो,
तांदळातले खडे निवडावेत तसे.
थरथर, निसटलेला चेंडू, कुणाची तरी सावली,
जे खरं नाही ते काढायचं, एवढंच माझं काम.

तिचा डावा हात झुलत नव्हता.
उजवा झुलतोय, आणि डावा
कोपरातून किंचित बाहेर, अडकल्यासारखा.
प्रत्येक वळणाआधी अर्धं पाऊल थांबणं.
वळणही ऐसपैस,
डावीकडे माणूसभर जागा राखून.

खांदा दुखत असेल म्हणून तिचा अर्ज काढला.
प्रकृतीच्या तक्रारी: नाहीत.
रोज किती चालता?
टपालातल्या माणसाचं सरळ, सुटं अक्षर:
पूर्वी दोघं, नदीपर्यंत. आउलिसला दिसायचं नाही.
आता एकटी. नदीपर्यंतच.

संगणकानं विचारलं,
वळणाजवळ अनियमितता आढळली. गाळू?

खाली रकाने होते सहा. राग, भीती, आनंद,
दुःख, किळस, आश्चर्य.
मी प्रत्येकापुढे तिला उभी करून पाहिली.
दुःखापुढे जरा जास्त वेळ.
पण तिथे एलमेरी होता, खांदे पाडून,
आणि हिचे तर ताठ होते,
कुणाला तरी धरायला ताठ लागतात तसे.

कळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो
तेही कुणी मोजलं नाही.

सकाळी ओस्मोनं आलेख पाहिला. हे काय,
दर वळणाला ही अर्ध्या पावलाची खोट?
मी म्हटलं, सहा नंबरचा कॅमेरा बिघडलाय बहुतेक.

शिडी आणली, कॅमेरा उतरवला,
काच पुसली, तारा तपासल्या.
त्याला काहीही झालेलं नव्हतं.